सगळे एका ठोक्यात आले, तेव्हा ठोका कोणाचा होता?

मेंदूचा ईईजी पहिल्यांदाच पाहणाऱ्याची एक हमखास फसगत होते. जाग्या, सावध, विचार करत असलेल्या माणसाचा आलेख गबाळा दिसतो. बारीक, वेड्यावाकड्या रेषा, एकीचा दुसरीशी मेळ नाही. उलट लहान मुलांमध्ये दिसणाऱ्या ‘ॲब्सेन्स’ प्रकारच्या फिटचा आलेख देखणा असतो. सेकंदाला साधारण तीन, अशा उंच, एकसारख्या लाटा, आणि त्याही डोक्याच्या सगळ्या भागांवर एकदम. यातला निरोगी मेंदू कोणता असं विचारलं, तर बहुतेकांचं बोट या दुसऱ्या आलेखाकडे जाईल. प्रत्यक्षात त्या लाटा चालू असताना ते मूल बोलता बोलता थांबलेलं असतं. नजर शून्यात, हाक मारली तरी ओ नाही. काही सेकंदांनी लाटा थांबतात आणि मूल पुन्हा बोलायला लागतं. मधल्या वेळात काय झालं हे त्याला सांगता येत नाही, कारण त्या वेळात ते तिथे नव्हतंच.

(सगळ्या फिट्स इतक्या सरळ नसतात. काही प्रकारांत सुरुवातीला मेंदूतला मेळ उलट घटतो, असंही आढळलं आहे. पण ॲब्सेन्सचं चित्र हे असंच असतं.)

हा आलेख एकदा पाहिला की ‘एका सुरात’, ‘एकदिलाने’, ‘खांद्याला खांदा लावून’ हे आपले आवडते शब्द जरा वेगळे ऐकू यायला लागतात. मेंदूत जे दिसतं ते उचलून थेट समाजाला चिकटवणं हा आळशी प्रकार आहे, आणि तो मला करायचा नाही. पण सुटे सुटे घटक कोणाच्याही हुकमाशिवाय एका लयीत येतात तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घेतलं तर एका जुन्या नैतिक प्रश्नाची मांडणी बदलते. गर्दीने केलेल्या कृत्यात माझा वाटा किती, हा तो प्रश्न.

आधी घडतं काय ते पाहू. १६६५च्या फेब्रुवारीत डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स आजारी होता, खोलीतच पडून होता. समोर त्याने बनवलेली दोन लंबकाची घड्याळं एकाच आधारावर टांगलेली होती. त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक अगदी मोजून मापून एकमेकांच्या उलट दिशेने झुलतायत. मुद्दाम बिघडवलं तरी अर्ध्या तासात ते पुन्हा तसेच व्हायचे. आधी त्याला वाटलं, मधली हवा हे करत असेल. मग कारण सापडलं: ज्या तुळईवर घड्याळं टांगली होती ती डोळ्यांना न दिसण्याइतकी हलत होती. एवढीशी थरथर एकीकडून दुसरीकडे पोचत होती. घड्याळं एकमेकांना तुळईतून ‘ऐकत’ होती.

मेंदूतली कथा हीच, फक्त घड्याळांची संख्या अफाट. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आहेत. त्यातले बरेचसे, एकेकटे किंवा छोट्या टोळ्या करून, काहीएक ताल धरू शकतात. १९२४ साली जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या डोक्यावरून हे विद्युत ताल पहिल्यांदा टिपले. कवटीच्या बाहेरून एकट्यादुकट्या न्यूरॉनचा आवाज येणं शक्यच नाही. जे टिपलं जातं ते हजारो-लाखो न्यूरॉन एकदम बोलतात तेव्हाचं. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसात त्याला सेकंदाला दहाच्या आसपास येणाऱ्या लाटा दिसल्या. माणसाने डोळे उघडले की त्या विरून जायच्या.

या बर्गरबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुढे लागणार आहे. नाझी राजवटीत येना इथल्या ‘वंशारोग्य’ न्यायालयाच्या कामात त्याचा सहभाग होता, हे आता कागदपत्रांवरून पुढे आलेलं आहे. सक्तीच्या नसबंदीचे निर्णय ही न्यायालयं देत. १९३३च्या ज्या कायद्याखाली ती चालत, त्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत आनुवंशिक अपस्मारही होता. अपस्माराच्या निदानाला ज्याचं यंत्र पुढे जगभर कामी आलं, तो माणूस या व्यवस्थेच्या टेबलाशी बसला होता.

आता गणिताकडे येऊ. घाबरू नका, फार नाही. समजा लोकलच्या डब्यात शंभर माणसं टाळ्या वाजवतायत. प्रत्येकाची स्वतःची चाल आहे, कोणी जलद, कोणी संथ. कोणी नेता नाही, मृदंग नाही. प्रत्येकाला फक्त सगळ्यांचा मिळून होणारा आवाज ऐकू येतो, आणि तो ऐकून प्रत्येकजण आपली चाल किंचित पुढेमागे करतो. ही ‘किंचित’ किती, म्हणजे बाकीच्यांचं मी किती मनावर घेतो, याला जोडणीचा जोर म्हणू. १९६७ साली आर्थर विनफ्री या तरुण अमेरिकन संशोधकाने, आणि १९७५ साली योशिकी कुरामोतो या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने अधिक नेटक्या गणितात, दाखवून दिलं की हा जोर हळूहळू वाढवत नेला तर मेळ हळूहळू वाढत नाही. बराच काळ काहीच होत नाही. सगळा गोंगाटच राहतो. मग जोर एक ठरावीक उंबरठा ओलांडतो आणि गोंगाटातून एकाएकी एक सामाईक ठोका उगवतो.

उंबरठा का येतो? कुरामोतोच्या समीकरणात प्रत्येकावर पडणारी ओढ म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार असतो: जोडणीचा जोर, आणि जमावात आत्ता असलेला मेळ. मेळ शून्याच्या जवळ असेल तर तुम्ही कितीही कान देऊन ऐका, ओढ जवळजवळ शून्य, कारण ऐकण्यासारखं काही नसतंच. पण थोडे लोक चुकून एकत्र आले की ओढ वाढते, त्यामुळे आणखी थोडे येतात, त्यामुळे ओढ आणखी वाढते. आधी मधल्या चालीचे लोक अडकतात, मग कडेचे. अगदीच वेगळ्या चालीचे काहीजण शेवटपर्यंत सुटेच राहतात.

या गणितातल्या दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. पहिली, नेता कुठेच नाही. सामाईक ठोका कोणा एकाचा नसतो. तो सगळ्यांच्या चालींच्या मधे कुठेतरी ठरतो आणि कदाचित एकाचीही मूळ चाल तंतोतंत ती नसते. दुसरी, कोणाही एकाला काढून टाका, ठोक्याला काही फरक पडत नाही. म्हणजे यात सामील असलेला प्रत्येकजण प्रामाणिकपणे म्हणू शकतो की हे मी सुरू केलं नाही, आणि मी नसतो तरी झालंच असतं.

लय ही मुळात वाईट गोष्ट नाही, हेही इथेच सांगून टाकतो. ती नसती तर हे वाचायला तुम्ही नसता. मेंदूच्या देठात प्री-बॉट्झिंगर नावाचा न्यूरॉनचा एक इवलासा पुंजका आहे. त्याचे न्यूरॉन एकत्र ठोका देतात म्हणून आपला श्वास चालतो. दिवस-रात्रीचं घड्याळ सांभाळणाऱ्या पुंजक्यात सुमारे २०,००० न्यूरॉन असतात. ते सुटे करून वाढवले तर प्रत्येकाचा ‘दिवस’ वेगळ्या लांबीचा निघतो. एकमेकांशी बोलतात म्हणून सगळे मिळून एक दिवस धरतात. पण पार्किन्सनमध्ये मेंदूच्या काही खोल भागांत सेकंदाला तेरा ते तीस या टापूतली लय प्रमाणाबाहेर घट्ट होते, आणि माणसाला पाऊल उचलणं कठीण जातं. म्हणजे प्रश्न लय हवी की नको असा नाहीच. ती कुठे हवी, किती हवी, आणि मुख्य म्हणजे सुटता येते का, असा आहे.

माणसांच्या टाळ्यांचाही अभ्यास झालेला आहे. पूर्व युरोपातल्या नाट्यगृहांत प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांच्या टाळ्या कधी कधी एका ठोक्यात येतात, मग विस्कटतात, पुन्हा एकत्र येतात. झोल्टान नेडा आणि सहकाऱ्यांनी हंगेरी-रुमानियात याची ध्वनिमुद्रणं केली. २००० साली ते ‘नेचर’मध्ये आलं. एका ठोक्यात यायचं तर लोकांना टाळ्यांचा वेग साधारण निम्मा करावा लागतो. त्यामुळे तालात आलेल्या सभागृहाचा सरासरी आवाज प्रत्यक्षात कमी होतो. आत बसलेल्याला मात्र वाटतं, काय दणका आहे! मग उत्साहाच्या भरात लोक आवाज वाढवायला जातात, वेग वाढतो आणि ताल मोडतो. एकत्र आल्याची भावना आणि प्रत्यक्षात झालेला आवाज या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि पहिली दुसरीपेक्षा जास्त गोड लागते.

ही गोडी काय काय करून घेऊ शकते? अमेरिकेत स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी २००९ साली दाखवलं की पावलाला पाऊल लावून थोडं चाललेली माणसं नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सहकार्य करतात. छान. २०१२ साली विल्टरमुथने याचीच दुसरी बाजू तपासली. लोकांना प्रयोगकर्त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालवलं आणि मग किडे एका यंत्रात टाकायला सांगितले. यंत्र त्यांना मारतं असा लोकांचा समज करून दिलेला होता. पाऊल जुळवून चाललेल्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त किडे टाकले. सहकार्य आणि आज्ञाधारकपणा एकाच नळातून येतो असं दिसतं.

आता राईनपाडा.

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण आले होते. भिक्षा मागत फिरणारा हा भटका समाज. मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्यात अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. जमावाने पाचही जणांना ठार मारलं. त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी अशाच अफवांवरून माणसं मारली गेली.

त्या गर्दीतल्या प्रत्येकाला वेगळं काढून विचारलं असतं, तर किती जणांनी सांगितलं असतं की आज मी माणूस मारायला घराबाहेर पडलोय? मला वाटतं, जवळजवळ कोणीच नाही. आणि आदल्या आठवड्यात तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या असंख्य लोकांपैकी तर नक्कीच नाही. त्यांनी फक्त ‘काळजी घ्या’ म्हणून अंगठा हलवला होता. कुरामोतोच्या डब्यातल्या माणसासारखं त्यांनाही खरंच म्हणता येतं: मी सुरू केलं नाही, मी नसतो तरी झालंच असतं.

हे म्हणणं खोटं नाही. म्हणूनच ते धोकादायक आहे. खोटं असतं तर खोडून टाकता आलं असतं.

इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट याने १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये या कोड्याला एक भयंकर रूप दिलं. हजार छळ करणारे आहेत, हजार बळी आहेत. प्रत्येकजण एक बटण दाबतो. त्या बटणाने प्रत्येक बळीची वेदना इतकी कमी वाढते की बळीला स्वतःलाही फरक कळत नाही. हजार बटणं दाबून झाल्यावर प्रत्येक बळी असह्य वेदनेत असतो. मग छळ कोणी केला? पार्फिटचं उत्तर असं की ‘माझ्या एकट्याच्या कृतीने काय झालं’ एवढंच विचारणं हीच हिशेबातली चूक आहे; मी आणि बाकीचे मिळून काय करतोय, हेही विचारावं लागतं. आपला कायदा याच्या पुढे जातो. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी गुन्हा घडला तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येकजण त्या गुन्ह्याचा दोषी. दंड संहितेत हे कलम १४९ होतं, न्याय संहितेत १९० आहे. वाटे पाडून प्रत्येकाला शंभरावा हिस्सा, असं तो करत नाही.

पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो, आणि त्याला जमावाची हद्द आखावी लागते. अंगठा हलवणारे त्या हद्दीबाहेर राहतात. तिथे मला कुरामोतोचं समीकरण उपयोगी वाटतं. त्यात प्रत्येक घटकाच्या नावावर दोन गोष्टी आहेत: त्याची मूळ चाल आणि तो बाकीच्यांकडे किती ओढला जातो. नैतिकतेचा विचार करताना आपण बहुतेकदा पहिलीबद्दल बोलतो. माझं मन साफ आहे, माझ्या मनात कोणाबद्दल द्वेष नाही, वगैरे. खरंही असेल. पण उंबरठा ओलांडायला कोणाच्या मनात काय आहे एवढं पुरत नाही, जोडणीचा जोर लागतो. म्हणून माझी जबाबदारी मी माझ्या ओढलं जाण्याच्या खात्यात लिहीन. मी किती सहज वळतो, किती वेगाने पुढे ढकलतो, किती कमी पाहून.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही दमदार आहेत.

पहिला: माणूस म्हणजे लंबक नव्हे. अफवा ठोके देत नाही, ती पसरते. मान्य. गर्दीसाठी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरचं १९७८चं चित्र जास्त जवळचं आहे. चौकात शंभर माणसं आहेत. पहिल्याला दगड मारायला कोणाचीच सोबत लागत नाही, दुसऱ्याला एकाची लागते, तिसऱ्याला दोघांची, असं शेवटच्या नव्व्याण्णववाल्यापर्यंत. पहिला दगड मारतो, दुसरा येतो, मग तिसरा, आणि सगळा चौक पेटतो. आता फक्त एक बदल करा: एकाच्या सोबतीवर येणारा जो होता त्याला दोघांची सोबत लागू द्या. पहिला दगड मारतो आणि थांबतो, कारण दुसरा येतच नाही. एक काच फुटली, एवढीच बातमी. दोन्ही गर्द्या जवळजवळ सारख्याच. मला हे उदाहरण कुरामोतोच्या शेजारी ठेवायला आवडतं, कारण ‘मी नसतो तरी झालंच असतं’ हे इथे एका माणसाच्या बाबतीत साफ खोटं ठरतं. आणि आपण तो माणूस आहोत की नाही, हे चौकात उभं असताना कोणालाच कळू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ओढलं जाणं माझ्या हातात असतं का? पाऊल जुळतं ते विचारून जुळत नाही. ढोल-ताशा सुरू झाला की मान आपोआप हलते. विल्टरमुथच्या प्रयोगातल्या लोकांनी किडे टाकताना ‘मी आता जास्त आज्ञाधारक झालोय’ असं स्वतःला सांगितलं नसणार. मग जे मी निवडलं नाही त्याची जबाबदारी माझी कशी?

माझं उत्तर अर्धंच आहे. लयीत शिरल्यावर पकड ढिली होते हे खरं, पण कुठे शिरायचं हे बऱ्याचदा आधी ठरवता येतं. कोणत्या ग्रुपमध्ये राहायचं, कोणती नोटिफिकेशन बंद ठेवायची, वाचल्या वाचल्या ढकलायचं की तासाभराने. दारू प्यायल्यावर गाडी चालवणाऱ्याला आपण ‘त्या क्षणी त्याचा ताबा नव्हता’ म्हणून सोडत नाही. गाडीची किल्ली खिशात घेऊन प्यायला बसला, याचा जाब विचारतो.

उरलेलं अर्धं उत्तर माझ्या हातातलं नाही. ते तुळई बनवणाऱ्यांच्या हातात आहे. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली. जानेवारी २०१९मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये खूप वेळा पुढे गेलेल्या मेसेजवर आणखी कडक मर्यादा आली: एका वेळी एकाच चॅटला. अशा मेसेजचं फिरणं सत्तर टक्क्यांनी कमी झालं, असं कंपनीने नंतर सांगितलं. मजकूर तोच, माणसं तीच, त्यांची मनंही तीच. फक्त जोडणीचा जोर कमी केला. हे करता येत होतं, याचाच दुसरा अर्थ असा की तोपर्यंतचा जोर कोणीतरी ठरवलेला होता. ‘आम्ही फक्त मंच पुरवतो’ हे वाक्य माझ्यासाठी तिथेच संपतं. येना इथल्या न्यायालयात बसलेल्यांनाही म्हणता आलं असतं की कायदा आम्ही केला नाही, आणि आमच्या जागी दुसरं कोणी सही केलीच असती.

मग जोर शून्यावर आणावा का? कोणाच्याच तालात न जाणारा, प्रत्येक गोष्टीत वेगळा सूर लावणारा माणूस सोशल मीडियावर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे आणि तो काही नीतीचा आदर्श वाटत नाही. शिवाय २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांमागे निघालेल्या हजारो लोकांतल्या प्रत्येकाने ‘मी एकटा पाणी प्यालो न प्यालो, काय फरक पडतो’ असा हिशेब केला असता, तर? उंबरठा त्याही बाजूने असतो. तिथे लोक एका लयीत आले, पण ज्याच्या विरोधात आले तीही एक लय होती. हजारो वर्षं कोणाच्या एकट्याच्या हुकमाशिवाय चाललेली, प्रत्येक घरात थोडी थोडी जपलेली, आणि ‘आम्ही सुरू केली नाही’ असं प्रत्येक घराला म्हणता येणारी.

म्हणून मी लयीत येण्याची परीक्षा लयीच्या आत शोधतो: तिच्यातून सुटण्याची सोय आहे का? मिटलेले डोळे उघडले की बर्गरच्या लाटा विरतात, ही निरोगी मेंदूची खूण. फिटमधल्या मुलाला हाक मारून लाटा थांबत नाहीत.

ही सोय माणसांनी जाणूनबुजून बांधलेली मला एका ठिकाणी माहीत आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच धरतो आणि सगळा तळ एकदम शांत होतो. एवढ्या मोठ्या समुदायाची एवढी एकवाक्यता क्वचित बघायला मिळते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, त्या दिंडीने त्या वेळी थांबायचं नाही असा रिवाज आहे. तिने आपला टाळ वाजवत राहायचं. त्या शांततेत तो टाळ सगळ्यांना ऐकू जातो, आणि चोपदार तिच्याकडे जातो, काय झालं ते विचारतो. तक्रार ऐकली जाईपर्यंत आरती थांबलेली असते.